गळ, आमिष आणि माशाचं तोंड

वाशीम जिल्ह्यातल्या एकबुर्जी किंवा अडाण धरणावर गळ टाकायला निघालेल्या नवशिक्यानं आधी माशाचं तोंड पाहावं. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं. तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात फिरतो, तर मृगळ आणि सायप्रिनस तळाचा चिखल उकरतात.

म्हणून कटल्यासाठी बुचाखाली कमी खोलीवर गळ सोडायचा, तळच्या माशांसाठी तंगुसाला (गळाच्या दोरीला) शिसं लावायचं. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, हेही दुकानात लक्षात ठेवावं.

आमिष घरातच मिळतं. कणकेत शेंगदाणा पेंडीचा चुरा मळून बोराएवढी गोळी करावी. पाण्यात लगेच विरघळली, तर कणीक वाढवावी. घट्टच राहिली, तर वास पसरत नाही, पेंड वाढवावी. लहान मासे सतावत असतील तर भिजवून उकडलेले मक्याचे दाणे बरे.

या चारही माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. आमिष ते ओढून घेतात आणि संशय आला की थुंकतात. इंग्लंडच्या लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी १९८० च्या सुमारास यावर ‘हेअर रिग’ काढलं. त्यात आमिष गळाला न टोचता त्याला बांधलेल्या बारीक दोऱ्यात ओवतात. गळाचं टोक उघडं राहतं आणि थुंकताना ओठात रुततं.

धरणांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते. त्यांना विचारूनच गळ टाकावा. पावसाळ्यात गाभोळीची मादी लागली, तर ओल्या हातानं सोडून द्यावी.