पासवर्ड मागणारं प्रेम

"कुणाशी बोलत होतीस? मोबाईलचा पासवर्ड दे." नववी-दहावीतली कितीतरी मुलं यालाच प्रेम समजतात, आपल्या सिनेमांनीही तेच शिकवलंय! खरं तर धाकदपटशा इथूनच सुरू होतो. यावर शाळेतच बोलता येतं: मुंबईत २००८ साली महापालिकेच्या काही शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी 'जेम्स' हा उपक्रम सुरू झाला. खेळ, नाटुकली, गप्पा यांतून मुलं समानतेबद्दल, मारहाणीबद्दल वर्गात बोलू लागली. माझ्या मते हेच वय योग्य; पुढे सवयी मुरतात. पालकहो, मुलीनं त्रास होतोय असं सांगितलं, तर तिचीच शाळा बंद करू नका, मोबाईल काढून घेऊ नका. नाहीतर पुन्हा ती तोंड उघडणार नाही. मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत.