हृद्रोग : एकट्याचा की गावाचा?



छातीत कळ येऊन माणूस कोसळला की आपण त्याच्या दैवाला बोल लावतो. पण एकाच प्रांतात घरोघरची कर्ती माणसे ऐन उमेदीत जाऊ लागली, तर त्याला दैव कसे म्हणावे?

फिनलंडमधील उत्तर कारेलिया प्रांतात नेमके हेच घडत होते. तेथील लाकूडतोडे व गोपालक अंगमेहनतीत उणे नव्हते. पण पावावर लोण्याचा जाड थर, जेवणात मीठ भरपूर आणि पुरुषांच्या ओठी सिगारेट! १९७१ साली लोकांनीच सरकारकडे गाऱ्हाणे नेले आणि १९७२ पासून डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. परिचारिकांनी रक्तदाब मोजले, गृहिणींच्या मंडळांनी स्वयंपाक बदलून दाखविला. ज्यांचे पोट लोण्यावर, त्यांना हे रुचणे कठीणच होते. म्हणून काही शेतकरी बेरीवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळविले गेले. पंचवीस वर्षांत कर्त्या वयाच्या पुरुषांतील या रोगाचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी उतरले.

आज भारतातही मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच होय. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. म्हणून तो मोजूनच कळतो. लोणचे, पापड, तंबाखू आपण एकमेकांना आग्रहाने देतो. एकट्याला पथ्य जड जाते. साऱ्या पंगतीने ते धरले, की त्याचीच रीत होते. ती रीत पाडणे आपल्या हाती आहे.