आठवड्यातली एक संध्याकाळ



पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रातल्या संधींवर बोला, असं निमंत्रणात लिहिलं होतं. थोडक्यात सांगतो. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुंबईच्या नळाला यायचं तर नुसते इंजिनिअर पुरत नाहीत. वेल्डर, फिटर, प्रयोगशाळेतली माणसं, चावीवाले, सगळे लागतात. रात्रशाळेत शिकलेल्याला यातलं काहीही जमतं. सविस्तर कागद लिहून आणलाय, तो सूचनाफलकावर लावा.

खरं तर माझ्या या रात्रशाळेत उभं राहिल्यावर मला हे बाकच दिसतात. दिवसभर पुडकी बांधून यायचो आणि पहिल्याच तासाला डोळे मिटायचे. सर, तुम्ही माझं गणित घ्यायचात, पण कधी रागावला नाहीत. ‘तोंडावर पाणी मारून ये, गणित थांबलंय,’ म्हणायचात, आणि खरोखर थांबायचात. तुम्हीही दिवसाची शाळा करूनच येत होतात, हे मला फार उशिरा कळलं.

आपल्या गिरणगावात दुसऱ्यासाठी वेळ देणारी अशी माणसं पूर्वीपासून आहेत. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी पेशानं शिक्षक. १९०९ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. त्याच वर्षीच्या कायद्यानं कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. ‘आणला’, म्हणजे आधी किती असेल बघा! अशा दमलेल्या माणसाला काय हवं, ते लीगच्या लोकांनी वस्तीत जाऊन पाहिलं. मग रात्रशाळा निघाल्या, वाचनालयं निघाली, दवापाणी सुरू झालं, सावकाराच्या व्याजातून सुटायला सहकारी पतपेढ्या आल्या. अडाणी माणसाला कोर्टकचेरीत सल्ला द्यायलाही ही मंडळी उभी राहिली. परळचं दामोदर नाट्यगृह लीगनंच बांधलं. कामगारानं नाटकही करावं, असं त्यांना वाटलं, याचं मला फार मोल वाटतं.

जोशी १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. पुढच्या वर्षी आयटक ही देशभरातल्या कामगारांची संघटना स्थापन झाली, त्यातही ते होते. डिलाईल रोडला त्यांचं नाव आहे. तुमच्यातले कितीतरी जण रोज तिथून येता. पण मुलांनो, वॉशिंग्टन नंतरचं. आधी चाळीतली रात्रशाळा.

म्हणून माझं एकच मागणं आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ दुसऱ्याला द्या. पैसे नकोत, वर्षातून एकदा वह्यावाटप नको. तीच संध्याकाळ, तीच जागा, तीच माणसं. नोकरी लागल्यावर देऊ, लग्न झाल्यावर देऊ, असं म्हणू नका. तेव्हा वेळ आणखी कमी असतो. आत्ता, दमलेले असतानाच द्या. तिसऱ्या रांगेतली ती निळ्या ओढणीतली मुलगी मघाशी स्वागताला होती. ती पोळीभाजी केंद्रातून सुटून शाळेत येते आणि रविवारी चाळीतल्या लहान मुलांना वाचायला शिकवते, असं मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं. ताई, तुझ्यासोबत आणखी चार जण यायला हवेत. ते इथंच बसलेत. पालकांनो, त्यांना अडवू नका. अभ्यास बुडत नाही. शिकवताना आपलाच पक्का होतो.

बाई, वाचनालयाची खोली शनिवारी संध्याकाळी रिकामी असेल तर मला द्या. दहावीचं गणित मी घेईन. सर, पहिल्या शनिवारी तुम्ही या आणि माझं काय चुकतं ते बघा.