रसायने, बीजपेशी आणि येणारी पिढी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय थोडा अवघड आहे आणि काहींना संकोचाचाही वाटेल. पण तो आपल्या घरचाच आहे. आपल्या शिंदखेडा तालुक्यात कपाशीची फवारणी सुरू झाली की पाठीवर पंप घेऊन दिवसभर शेतात फिरणारे तरुण तुम्ही पाहता. आणि लग्नाला चार वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, किंवा गर्भ वारंवार गळून पडला, की बोट सुनेकडेच वळते, हेही तुम्ही पाहता. ते बोट नेहमी योग्य दिशेला असते काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. डी.एन.ए. म्हणजे शरीराच्या जडणघडणीची लिखित आज्ञा. ती ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत, एकमेकांना विळखा घातलेल्या दोन धाग्यांवर लिहिलेली असते. एका धाग्यावर 'ए' असेल तर समोर 'टी', आणि 'जी' असेल तर समोर 'सी'. काही रसायने 'जी'ला लहानसा अणुगट चिकटवतात. मग नक्कल होताना 'सी'च्या जागी 'टी' बसतो आणि चूक पुढे चालू राहते. तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीन शरीरात बदलून 'जी'वर मोठे गाठोडेच लादते. काही रसायने तर दोन्ही धागे तोडतात. अशा रसायनांना उत्परिवर्तनकारक म्हणतात.

हा परिणाम संततीपर्यंत पोहोचतो हे प्रथम दाखवणाऱ्यांत शार्लोट ऑरबाख या विदुषी होत्या. त्या बर्लिनच्या शाळांत शिक्षिका होत्या. 1933 मध्ये ज्यू म्हणून नोकरी गेल्यावर त्या एडिनबरोला आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी जे. एम. रॉबसन यांच्यासह फळमाशीच्या नरांवर मस्टर्ड वायूचा प्रयोग केला. वायूने त्यांचे हात भाजले, पण नरांच्या संततीत उत्परिवर्तने आढळली. युद्धाच्या गुप्ततेमुळे हा निष्कर्ष 1946 मध्ये जाहीर झाला. लक्षात घ्या, वायू दिला होता तो नरांना.

मग आपण सारे धडधाकट कसे? कारण पेशीत रफूगर बसलेला आहे! कसबी रफूगर खराब भाग कापतो आणि शेजारची वीण पाहून नवा धागा भरतो. पेशीही बिघडलेला तुकडा कापून टाकते आणि समोरच्या धाग्यावरून तो नव्याने लिहिते. प्रत्येक पेशीत दररोज हजारो ठिकाणी असे काम चालते. या शोधांसाठी 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना मिळाले. यांतले संजार तुर्कस्तानातील सावूर या लहानशा गावचे. त्यांचे आईवडील निरक्षर होते.

परंतु पुरुषाच्या बीजपेशीत हा रफूगर शेवटपर्यंत हजर नसतो. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे 74 दिवस लागतात. सुरुवातीच्या अवस्थांत दुरुस्ती चालू असते. शेवटच्या काही आठवड्यांत डी.एन.ए. घट्ट बांधला जातो, दुरुस्तीची सामग्री गळून जाते, आणि त्यानंतर झालेली इजा तशीच राहते. ती दुरुस्त कोण करते? स्त्रीबीज! फलन होताच स्त्रीबीजातील साठवलेली सामग्री पित्याकडून आलेल्या डी.एन.ए.चीही दुरुस्ती करू लागते. इजा तिच्या आवाक्याबाहेरची असेल तर गर्भ गळतो किंवा चूक बाळात उतरते. म्हणजे जिच्याकडे बोट दाखवले जाते, तिचेच बीज कित्येकदा पित्याची बाजू सावरत असते.

आता माणसांतील एक उदाहरण. कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील एका कारखान्यात डी.बी.सी.पी. हे जमिनीतील सूत्रकृमी मारणारे औषध बनत असे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूल होत नाही, हे कामगारांच्याच आपसातील बोलण्यातून लक्षात आले. 1977 मध्ये तपासणी झाली, तेव्हा कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतू अत्यल्प होते किंवा नव्हतेच. या रसायनामुळे उंदरांच्या वृषणांना इजा होते हे 1961 मध्येच छापून आले होते. काम सुटल्यावर काही जण बरे झाले. ज्यांच्या मूळ पेशीच नष्ट झाल्या होत्या, ते झाले नाहीत.

यावरून प्रत्येक फवारणीचे औषध उत्परिवर्तनकारक असते, असे कृपया समजू नका. गर्भपाताची आणि वंध्यत्वाची इतर कारणेही पुष्कळ आहेत. पण सावधगिरीला खर्च थोडाच लागतो. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडावर मुखपट्टी वापरा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका. घरी येताच अंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरू नका.

दुसरा शत्रू तर आपण पैसे देऊन घरात आणतो. मशेरी म्हणा, मिस्री म्हणा. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील प्रयोगांत तिचा अर्क उत्परिवर्तनकारक ठरला. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी खिशातली पुडी सुटत नाही. ज्याला बाप व्हायचे आहे त्याने निदान तीन महिने आधी विडी-तंबाखू सोडावी. शुक्रजंतूंची नवी फळी तयार होण्यास साधारण तेवढाच काळ लागतो. स्त्रीची बीजे मात्र तिच्या जन्मापूर्वीच तयार झालेली असतात. म्हणून गरोदर स्त्रीला तंबाखूपासून आणि फवारणीपासून दूर ठेवणे म्हणजे मुलीबरोबर नातवंडांचीही काळजी घेणे होय.

आणि शेवटी एक विनंती. मूल होत नसेल तर सुनेला दवाखान्यांत फिरवण्यापूर्वी मुलाची वीर्यतपासणी करून घ्या. तपासणी साधी आहे, आणि तिच्यात कमीपणा मुळीच नाही. विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट आज घरी जाऊन सांगण्याचे काम तुमचे आहे.