आधी कॉलेज, मग शाळा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने शिक्षणावर बोला म्हणून सांगितलं. शिक्षणाचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगावं? विड्या वळून पोरं शिकवलेल्या माऊल्या इथे समोर बसल्या आहेत. म्हणून मी फक्त एका शाळेची गोष्ट सांगतो.

१९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं. नोकरीवाल्या पोरांसाठी तिथे वर्ग सकाळी भरत. लगेच १९४७ मध्ये सिद्धार्थ रात्रशाळा निघाली. पुढे १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद कॉलेज सुरू झालं. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून नुकताच सुटला होता. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागे; गरिबाच्या पोराला ते कुठलं जमायला! कॉलेजच्या आवाराला नाव दिलं नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन उत्तर देणारा भिक्खू, हे आपण जाणताच.

१९५४ मध्ये बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. ते दुःख आपल्या घराघरांत अजून सांगितलं जातं. पण पुढच्याच वर्षी, १९५५ ला, नागसेनवनात मिलिंद बहुउद्देशीय हायस्कूल सुरू झालं, हे मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही.

आता क्रम बघा. मुंबईत आधी कॉलेज, मग शाळा. नागसेनवनातही तसंच. जग आधी पाया घालतं, इथे उलटं कसं? मला वाटतं, कॉलेजचं दार उघडलं तरी त्या दारापर्यंत पोहोचणारी पोरं आपल्याकडे थोडीच होती. मग कॉलेज काढणाऱ्यांनीच खाली उतरून पायरी बांधली.

हे मी पुस्तकावरून बोलत नाही. मी मॅट्रिक झालो आणि नागपूरला एका कॉलेजात नाव घातलं. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली. पण सर इंग्रजीत काय बोलतात ते कळेना आणि विचारायची लाज वाटे. वर्षाअखेर इंग्रजीत नापास. पेटी घेऊन गोंदियाच्या गाडीत बसलो. बाबांनी एकच विचारलं, "तुले कोणी समजावून नाही सांगतलं का रे?" मी तीन वर्षं घरी बसलो, मग बाहेरून परीक्षा दिली. माझ्यासोबतचे दोघे परतलेच नाहीत.

तिकडे अमेरिकेतही हाच प्रश्न आला. कॅलिफोर्नियात १९९६ च्या मतदानाने सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी झाली. तेव्हा सॅन दिएगोच्या विद्यापीठात काहींनी मांडलं, की गरीब पोरांसाठी आपल्याच आवारात शाळा काढू. १९९७ मध्ये प्राध्यापकांच्या सभेने ते नाकारलं! (शिकलेली माणसं सगळीकडे सारखीच.) लोकांनी ओरड केली, तेव्हा कुठे मान्य झालं आणि १९९९ ला प्रॉइस स्कूल सुरू झालं. पैसा सरकारी, फी नाही, कारभार विद्यापीठाकडे. अशा शाळेला तिकडे चार्टर स्कूल म्हणतात. वर्ग सहावी ते बारावी. घर गरीब असावं आणि आई-बाप पदवीधर नसावेत, ही प्रवेशाची अट. अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात. विद्यापीठातले विद्यार्थी येऊन त्यांना शिकवतात. नागसेनवनातल्या हायस्कूलनंतर ४४ वर्षांनी त्यांना हे सुचलं.

आपण विद्यापीठ नाही, मान्य. पण या वस्तीत आज बी.ए., बी.एस्सी., डी.एड. झालेली किती तरी पोरं-पोरी आहेत. आणि आठवी-नववीतलं पोरगं गणित अडलं की शिकवणीची फी ऐकून घरी परत येतं. विहाराचं सभागृह संध्याकाळच्या वंदनेनंतर कुलूपबंद असतं.

मी समितीकडे किल्ली मागितली आहे. अध्यक्षसाहेब हो म्हणाले, पण विजेचं बिल कोण भरणार, असंही म्हणाले. पहिल्या सहा महिन्यांचं बिल माझ्या पेन्शनमधून भरतो. इंग्रजीही मीच घेईन. नापास झालेल्या माणसाला कुठे अडतं ते बरोबर ठाऊक असतं. गणित आणि विज्ञानाला मात्र माणसं हवीत, आठवड्यातून दोन संध्याकाळ. भोजनदान झालं की मी बोधिवृक्षाखाली वही घेऊन बसतो. ज्यांना जमेल त्यांनी नाव लिहून द्यावं.

जयभीम! नमो बुद्धाय!