वारा सगळ्यांचा, जमीन कोणाची?



आधीच सांगतो, मी पवनचक्क्यांच्या विरोधात नाही. कोळसा कमी व्हायला हवा आणि वाऱ्यापासून वीज मिळत असेल तर उत्तमच. माझा प्रश्न एवढाच आहे: ज्या जमिनीवर ती उभी राहते, तिथल्या माणसांना विचारलं जातं का? आणि कधी?

नॉर्वेतलं फोसेन घ्या. तिथे स्टोरहेया आणि रोआन या दोन ठिकाणी मिळून 151 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. नकाशावर तो उजाड डोंगर होता. पण सामी या आदिवासी समाजासाठी ती रेनडिअरची हिवाळी चराई होती. ते कोर्टात गेले. 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने काम थांबवायची विनंती केली, तरी काम चालूच राहिलं. 11 ऑक्टोबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने परवाने अवैध ठरवले. पण तोपर्यंत पाती फिरू लागली होती.

निकालाला 500 दिवस झाले तरी काही हललं नाही. तेव्हा फेब्रुवारी 2023 मध्ये सामी तरुण-तरुणी ओस्लोत मंत्रालयात ठिय्या मारून बसले. सरकारने माफी मागितली. पुढे समझोते झाले, मोबदला ठरला. पवनचक्क्या मात्र तिथेच आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमची चूक झाली तर जुनी आवृत्ती परत आणता येते. डोंगरावर उभा केलेला टॉवर तसा मागे घेता येत नाही. म्हणून आधी विचारायचं.

न्यायालयाने आधार घेतला तो आंतरराष्ट्रीय नागरी आणि राजकीय हक्क कराराच्या कलम 27 चा. हे कलम वांशिक, धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांबद्दल आहे. भारतही 1979 पासून या करारात आहे. तेव्हा फोसेनची गोष्ट आपल्यापासून वाटते तेवढी दूर नाही.

विरोध टाळता येतो का? डेन्मार्कच्या सामसो बेटावर जमिनीवरच्या 11 पवनचक्क्यांपैकी नऊ शेतकऱ्यांच्या आणि दोन सहकारी मालकीच्या होत्या. 2009 पासून काही वर्षं डेन्मार्कमध्ये कायदाच होता: नव्या प्रकल्पाचे किमान 20 टक्के शेअर आधी परिसरातल्या रहिवाशांना देऊ करायचे. भागीदारी मिळाली की दारातल्या पवनचक्कीकडे बघायची नजर बदलते.

आता आपल्याकडे या. साताऱ्याचं चाळकेवाडीचं पठार, धुळ्यातलं साक्री, बीड. आपल्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, म्हणून जनसुनावणी सक्तीची नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यातली 80 टक्के संमतीची अट सरकार खासगी कंपनीसाठी जमीन घेतं तेव्हा लागते. कंपनी परस्पर शेतकऱ्याकडून जमीन विकत किंवा भाड्याने घेते तेव्हा नाही. मग व्यवहार होतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाशी, अनेकदा दलालामार्फत. गायरानावर शेळ्या चारणारी बाई, भूमिहीन मजूर, वाटणीत नाव न लागलेली बहीण यांना विचारतं कोण? आपल्या समाजातली किती घरं या यादीत येतात, ते तुम्हीच मोजा.

म्हणून गावात टॉवर येणार असं कानावर आलं की तीन कामं करा. करार मराठीत मागा आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा: मुदत किती, भाडं वाढणार कधी, मुदत संपल्यावर टॉवर आणि काँक्रीट काढणार कोण? दुसरं, माहिती अधिकारात परवानग्यांच्या प्रती मिळवा. जंगलजमीन असेल तर वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेचं म्हणणं नोंदवा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रामसभेला जा. तिथे "आपले" म्हणून वेगळं बसू नका. ज्याची चराई जाते त्याच्या शेजारी बसा, मग तो धनगर असो की खाटीक.

मशवरा म्हणजे काय, हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. निर्णयाआधी करतात तो मशवरा. नंतर करतात ती फक्त समजूत.