चपला काढायला सांगा

पेण आणि रोहा तालुक्यांतून दवाखाने बंद ठेवून आलेले डॉक्टर बंधू-भगिनींनो आणि आशाताईंनो,

दारूचं नाव निघालं की आपण यकृताकडे बघतो. कावीळ, जलोदर, रक्ताची उलटी. पण वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याच्या मज्जातंतूंचं जे होतं, ते आपल्या डोळ्यांसमोर येऊन निसटून जातं.

मिठागरावरचा, वीटभट्टीवरचा किंवा धाटावच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा माणूस म्हणतो, "डॉक्टर, पायाला मुंग्या येतात, रात्री तळवे पेटतात." पुढे चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळत नाही. आपण साखर बघतो, ती बरी निघते. बी-१२चं इंजेक्शन देतो आणि पाठवतो. किती घेतोस, हे विचारायचं राहतं. सोबत बायको उभी असते, म्हणून आपणच संकोचतो. खरं तर वेगळं विचारलं की खरा आकडा तीच सांगते.

कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब, आणि त्यांची टोकं आधी निकामी होतात. म्हणून बधिरपणा दोन्ही पायांत सारखाच, मोज्यासारखा वर चढतो आणि नंतर बोटांना गाठतो. आपल्या पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराची बोटं बधिर झाली तर त्याच्या घरात काय उरेल?

दारू तंतूंना थेट इजा करते. शिवाय पोटातलं अन्न कमी करते आणि ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, शोषू देत नाही. शरीरातला त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. आपण भातावर जगणारी माणसं, म्हणून हे आपल्याला जास्त भोवतं. जावामध्ये आइकमन यांनी पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले. कोंडा मिळताच त्या सावरल्या, कारण ब-१ त्या कोंड्यातच असतं. 1929 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उकड्या तांदळात ब-१ बऱ्यापैकी टिकतं. तेव्हा उकड्याचा भात, मोड आलेल्या वालाची उसळ हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहायला लाजू नका. मात्र दारू चालू राहिली तर गोळ्या आणि उसळ दोन्ही वाया.

एक गोष्ट मला फार कळकळीनं सांगायची आहे. पिणारा गळून पडला की नातेवाईक सलाईन मागतात आणि आपण ग्लुकोजची बाटली लावतो. थायमिनची कमतरता असलेल्या मेंदूला नुसतं ग्लुकोज घातक ठरू शकतं. वेर्निक यांनी 1881 मध्ये वर्णिलेली लक्षणं आठवा: गोंधळलेला माणूस, डोळ्यांच्या हालचाली बिघडलेल्या, चाल झोकांडणारी. लोक म्हणतात, चढलीय. उपचार चुकला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज.

दुसरी जोखीम श्रावणातली. गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी एकदम सोडणाऱ्याला दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो. सोडण्याचा निश्चय चांगलाच. पण तो वैद्यकीय देखरेखीखाली पार पडायला हवा. पुण्याच्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रानं 1986 पासून हेच दाखवून दिलं आहे. तिथं पाठवताना 'शेवटचा उपाय' म्हणून पाठवू नका, लवकर पाठवा, कारण दारू सुटल्यावरही तंतू महिनोन्‌महिने घेत हळूहळू सावरतात, तेही सगळे नाहीत.

तपासायला लागतं काय? कापसाचा बोळा, 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, घोट्यावर मारायला हातोडी. आणि रुग्णाला चपला काढायला सांगण्याइतका वेळ. पायांवरच्या न जाणवलेल्या जखमाही त्यातच दिसतात.

महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेलं काम 'लॅन्सेट'पर्यंत पोहोचलं, ते रुग्णांच्या बारकाईनं ठेवलेल्या नोंदींमुळे. आपणही नोंदवहीत दोन रकाने वाढवूया: पायांची संवेदना आणि दारूचं रोजचं प्रमाण. नावं गाळून त्या वह्या पुढच्या बैठकीला आणा. रोह्याच्या आणि पेणच्या नोंदी शेजारी ठेवून वाचू, आणि थायमिनची इंजेक्शनं कोणत्या आरोग्य केंद्रात किती हवीत, याची मागणी त्याच दिवशी लिहू.